मामा, आमचं सॉल्ट कुठलं?

एकतीस वर्षं मी सोलापुरातल्या एका कॉलेजात प्रयोगशाळा परिचर होतो. परिचर हा ऑर्डरवरचा शब्द. पोरं मामा म्हणायची, सरसुद्धा मामाच म्हणायचे. सकाळी ब्युरेटी धुवायच्या, स्टँडला लावायच्या, डिस्टिल्ड वॉटर भरून ठेवायचं, फुटलेल्या काचा गोळा करायच्या आणि ओरडायचं. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला कुठल्या टेबलावर कुठलं सॉल्ट, म्हणजे ओळखायला द्यायची रसायनाची पूड, ठेवलंय हे सरांना आणि मला दोघांनाच ठाऊक असायचं. मग मागच्या खिडकीतून हळूच आवाज यायचा, "मामा, आमचं सॉल्ट कुठलं?" दोन-तीनदा सांगितलंय. आता पेन्शन सुरू आहे म्हणून लिहायला हरकत नाही.

लोलकाचा प्रयोग बघून बघून तर डोळे थकले. दोऱ्याला गोळी बांधायची, झुलवायची, वीस झोक्यांना किती सेकंद लागले ते मोजायचं आणि त्यावरून गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा. सेंटिमीटरमध्ये उत्तर ९८० यायला पाहिजे. पोरं आधी ९८० लिहायची आणि मग उलटं गणित करत सेकंदांपर्यंत यायची. गोळी बिचारी स्टँडला तशीच लटकत राहायची. जर्नल मागच्या बॅचचं, तेही त्याच्या मागच्या बॅचचं.

एवढ्या वर्षांत एकच मुलगी लक्षात राहिली. तिचं उत्तर आलं १०८६. खरं मोजलं होतं तिनं. चूक एवढीच की गोळी सोडताना तिनं "एक" म्हटलं होतं. सोडताना शून्य म्हणायचं असतं. एकपासून सुरुवात केली की वीस म्हणेपर्यंत झोके एकोणीसच होतात, वेळ कमी भरतो आणि उत्तर फुगतं. पण का फुगलं हे तिला कुणी विचारलं नाही. पुन्हा कर, ९८० आण, एवढंच ऐकायला मिळालं. पुढच्या तासाला तिनं ९८१ आणलं, तेही गोळीला हात न लावता. मी शेजारी फडकं घेऊन उभा होतो. मीही काही बोललो नाही.

ही आठवण आत्ता यायचं कारण नात आणि नातू. थोरली सात वर्षांची, धाकटा साडेचारचा. मे महिन्यात हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याहून आले, तेव्हा सोबत एक मोठा खोका होता. विज्ञानाचे पन्नास प्रयोग, वय पाच ते दहा. आत प्लास्टिकच्या परीक्षानळ्या, रंगाच्या पुड्या आणि एक प्लास्टिकचा डोंगर. डोंगरात खायचा सोडा घालायचा, वरून व्हिनेगर ओतायचं की ज्वालामुखी.

केला आम्ही ज्वालामुखी. फेस आला, पोरं किंचाळली, ओटा लडबडला. "पुन्हा!" पुन्हा केला. "पुन्हा!" हिच्या ढोकळ्यासाठी आणलेला सोडा संपला. मग मी थोरलीला विचारलं, काय झालं गं नक्की? ती म्हणाली, "ज्वालामुखी झाला." वाईट काही नाही त्यात, दिवाळीत अनार उडवतो तसंच. पण पुढं काय होणार ते खोक्यावरच्या चित्रात आधीच छापलंय. म्हणजे पुन्हा ९८०च.

मग मी एक नियम केला. कपाटातली शंभर पानी वही काढली, पानावर उभ्या रेघा मारून तीन रकाने केले. थोरलीचा, धाकट्याचा आणि माझा. काहीही करायच्या आधी प्रत्येकानं काय होईल ते सांगायचं. धाकट्यानं चित्र काढायचं, त्याला लिहिता येत नाही. मीही माझा अंदाज लिहायचा आणि चुकला तर सगळ्यांसमोर स्वतःच्या हातानं फुली मारायची. हे शेवटचं कलम थोरलीनं घातलं.

पहिली फुली दुसऱ्याच दिवशी पडली, हळदीपायी.

हळद क्षार, म्हणजे अल्कली, ओळखते, तो लागला की लाल होते, हे आमच्या लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक. एका बशीत हळद घेतली, त्यावर कोरोनातलं उरलेलं पातळ सॅनिटायझर ओतलं, कारण हळदीचा रंग पाण्यात नीट उतरत नाही, स्पिरिटमध्ये चटकन उतरतो. (हे काम मोठ्या माणसानं करायचं, गॅसपासून लांब, खिडकी उघडी ठेवून.) त्यात जाड कागदाच्या पट्ट्या बुडवून दोरीवर वाळत घातल्या. सोलापूरच्या मे महिन्यात पट्टी वाळायला दोन मिनिटं पुरतात. सॅनिटायझर नसेल तर हळदीची पाणी घालून पेस्ट करून कागदाला लावली तरी चालतं, फक्त हात पिवळे होतात.

मग मी ऐटीत भांडी घासायचा लिक्विड साबण आणला. माझ्या रकान्यात लिहिलं, "लाल". थोरलीनं लिहिलं, "हिरवा", कारण साबण हिरवा होता. धाकट्यानं कुत्रा काढला.

थेंब टाकला. पट्टी पिवळीच. अजून एक टाकला. पिवळी ती पिवळीच. थोरली माझ्या तोंडाकडं बघायला लागली. एकतीस वर्षं लॅबमध्ये काढलेल्या माणसाचा पहिलाच प्रयोग फसला होता. खरं सांगतो, पहिला विचार आला तो जुन्या सवयीचाच. बंबातली राख कालवून आणावी, पट्टी लाल करावी आणि विषय मिटवावा. ती मुलगी आठवली म्हणून थांबलो. माझ्या रकान्यात फुली मारली आणि म्हटलं, का नाही झालं गं?

"हा साबण खोटा असेल," थोरली म्हणाली.

"मग खरा कुठला?"

झालं. घरातला प्रत्येक साबण बाहेर आला. धुण्याची वडी लावली, पट्टी विटेसारखी लाल. अंघोळीचा साबण, लाल. शाम्पू, पिवळी. हिचा तोंड धुवायचा महागातला साबण, पिवळी. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. धुण्याची वडी तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून करतात, तिच्यात क्षार असतो. भांड्याचे लिक्विड, शाम्पू हे वेगळ्या रसायनांचे असतात, हाताला आणि केसांना त्रास नको म्हणून त्यांतला क्षार बेताचा ठेवलेला किंवा नसतोच. हे मला कागदावर माहीत असणार, पण भांडी घासताना कधी डोक्यात आलं नव्हतं.

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, वरणाचा डाग धुताना लाल होतोय की. तुमच्या किती शर्टांचं बघितलंय मी." म्हणजे आमच्या घरी चाळीस वर्षं हा प्रयोग दर सोमवारी चालला होता. फक्त त्याला जर्नल नव्हतं.

त्या दिवशी एकूण सतरा वस्तू तपासल्या. खायच्या सोड्यानं पट्टी नीट लाल होत नाही, जरा नारिंगी तांबूस होते. धुण्याच्या सोड्यानं झकास होते. राखेचं पाणी लाल करतं. शेजारच्या अक्का विडी वळता वळता हा तमाशा बघत होत्या, त्यांनी त्यांच्या चंचीतला पानाचा चुना नखावर आणून पट्टीला लावला. असा लाल झाला की अक्का स्वतःच म्हणाल्या, "कुंकूच की ओ हे!" बरोबरच होतं त्यांचं. पूर्वी कुंकू हळदीपासूनच व्हायचं, हळदीला क्षार लावून. आमच्या जिल्ह्यात पंढरपुरात कुंकवाचा केवढा धंदा. चुन्याला मात्र पोरांना हात लावू देऊ नका. डोळ्यात गेला तर डोळा जायची वेळ येते. ते काम अक्कांच्या नखानंच झालं.

मग लाल झालेल्या पट्टीवर लिंबू पिळलं. परत पिवळी. धाकट्यानं टाळ्या पिटल्या. थोरली मात्र गप्प. मग म्हणाली, "लिंबू पिवळं असतं ना, त्याचा रंग लागला असेल."

एवढं चांगलं वाक्य मी त्या कॉलेजात ऐकलेलं नव्हतं. चुकीचं आहे, पण तपासता येण्याजोगं आहे. मी म्हटलं, मग पिवळं नसलेलं आंबट काय आहे घरात? तिनं चिंच आणली. चिंच तपकिरी. पट्टी पिवळी झाली. तरी समाधान नाही. त्या खोक्यातलं उरलेलं व्हिनेगर आणलं, पाण्यासारखं, बिनरंगाचं. पट्टी पिवळी झाली. तेव्हा तिनं आपल्या रकान्यात स्वतःहून फुली मारली आणि खाली लिहिलं, "आंबट असलं की पुसतं." अल्कली, आम्ल, पीएच यातला एकही शब्द मी काढला नाही. तो पुढं सातवी-आठवीत काढतील. तोवर "आंबट असलं की पुसतं" पुरे.

दुसरा प्रयोग सावलीचा. त्याला खर्च शून्य, पण वर्षातून नेमक्या वेळी गाठावा लागतो.

सोलापूर साधारण साडेसतरा-पावणेअठरा अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या १० ते १२ तारखेच्या दरम्यान दुपारी सूर्य इथं अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. शून्य सावली म्हणतात त्याला. सूर्य रोज पाव अंशाच्या आसपास उत्तरेला सरकतो आणि त्याची तबकडीच अर्धा अंश रुंद दिसते, त्यामुळं एखादा दिवस इकडं तिकडं चालून जातं. परत खाली उतरताना ऑगस्टच्या सुरुवातीला तो पुन्हा डोक्यावरून जातो, पण तेव्हा ढग असतात.

आम्ही ११ तारखेला गच्चीवर गेलो. पिठाचा उंच गोल डबा, एक फूटभर पाईपचा तुकडा आणि थोरलीची बाहुली. फरशी भाकरी भाजावी इतकी तापलेली, त्यामुळं चपला घातल्याशिवाय वर यायचं नाही आणि वर सूर्याकडं बघायचं नाही, खालीच बघायचं, असं तीनदा बजावलं. अंदाज घेतले. थोरली म्हणाली, बारा वाजता सावली जाणार, कारण बारा म्हणजे मधे. मी मुद्दाम काही बोललो नाही. धाकट्याचं मत होतं की सावली जाणारच नाही, "ती चिकटलेली असते."

बारा वाजले. डब्याला सावली होती. पश्चिमेकडं दोन बोटं, चांगली दिसेल इतकी. धाकटा नाचायला लागला. थोरली रडकुंडीला आली, मोबाईल हलवून बघितला, बंद पडलाय का. मी म्हटलं, खडूनं सावलीच्या टोकाला खूण कर आणि बघत बस. पाच मिनिटांनी खूण केली, दहानं केली. सावली आत आत सरकत होती. आम्ही तिघं जुन्या सोलापुरी चादरीच्या आडोशाला, डोक्यावर ओले पंचे. बारा वाजून वीस मिनिटांनी एक बारीक काळी किनार राहिली. बारा तेवीसला तीही गेली. डबा जणू फरशीवर चित्रात चिकटवल्यासारखा, पाईपच्या आतून सरळ ऊन फरशीवर पडलेलं आणि बाहुलीची सावली तिच्या स्वतःच्या पायाखाली.

"कुठं गेली?" धाकटा.

"तुझ्याही पायाखाली बघ की."

त्यानं एक पाय उचलला. सावली पायाबरोबर वेगळी झाली. पाय ठेवला, गेली. मग दहा मिनिटं तो फक्त उड्या मारत होता, सावली पकडायला. तो त्याचा प्रयोग.

तेवीस मिनिटांचं गणित असं. आपलं घड्याळ देशभर एकच, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाचं. सोलापूर त्याच्या साडेसहा अंशांहून थोडं जास्त पश्चिमेला. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणजे आपल्याकडं सूर्य २६ मिनिटं उशिरा मधे येतो. मे महिन्यात सूर्य घड्याळाच्या साडेतीन मिनिटं पुढं असतो, ती वजा केली की १२ वाजून २३. हे सगळं थोरलीला सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की घड्याळातले बारा दुसऱ्या गावचे आहेत. तिला ते फार आवडलं. रात्री आईला फोनवर सांगत होती, "आई, इथले बारा खोटे असतात."

दोन-तीन दिवसांनी तिकडून मुलीचा फोन आला. पुणे आपल्यापेक्षा उत्तरेला, तिथं सूर्य १३-१४ तारखेला डोक्यावर येतो. तिनं बाल्कनीत पेला ठेवून फोटो पाठवला, पेल्याला सावली नाही. त्याच दिवशी बारा तेवीसला आमच्या डब्याची सावली थोरलीनं बघितली, तर बारीकशी होती, आणि ती दक्षिणेकडं पडलेली. "सूर्य पुण्याला गेला," ती म्हणाली. गेलाच होता.

आता पाणी. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं पिंप, हंडे, बादल्या भरून ठेवलेल्या असतात आणि पाण्याच्या प्रयोगांवर घरातून मर्यादा येतात. एक बादली, तीही नंतर झाडांना. त्यातला तुरटीचा प्रयोग पटकन सांगतो. दोन पेल्यांत काळी माती कालवली, एकात तुरटीचा खडा चार वेळा फिरवला. अर्ध्या तासात त्याच्यातला गाळ ढेकळं होऊन तळाला आणि दुसरा पेला संध्याकाळपर्यंत चहासारखा. आमच्या काळ्या मातीचे कण फार बारीक, एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात. तुरटी त्यांना जवळ आणते. पोरांना हा फार रुचला नाही. हळू चालतं म्हणून असेल.

टॉवेलाचा मात्र रुचला. आमच्या गल्लीत टॉवेलाचे माग आहेत, डागी माल स्वस्तात मिळतो. नव्या टॉवेलाची एक पट्टी कापली, जुन्या मऊ झालेल्या टॉवेलाची एक. दोन्ही वरून चिमट्याला टांगल्या, टोकं शाईच्या पाण्यात. तिघांचाही अंदाज नवा जिंकणार. दहा मिनिटांत जुन्याच्या पट्टीवर शाई चार बोटं चढली आणि नवा कोरडा ठणठणीत. माझी तिसरी की चौथी फुली. नव्या टॉवेलाला मऊपणासाठी कारखान्यात सॉफ्टनर लावतात, तो पाणी आत शिरू देत नाही. दोन-तीन धुण्यांत तो जातो, मग सूत पाणी प्यायला लागतं. शेजारच्या मागवाल्यानं हे ऐकून सांगितलं, "मामा, गिऱ्हाईक पण असंच म्हणतंय, टॉवेल पुसत नाही. आम्ही म्हणतो, धू की आधी."

त्याच जुन्या टॉवेलाचं फडकं ओलं करून पाण्याच्या एका स्टीलच्या बाटलीला गुंडाळलं, दुसरी तशीच. दोन्ही जिन्याच्या सावलीत, वाऱ्याला. मोजायला काय? धाकट्यानं घरातलं तापाचं डिजिटल थर्मामीटर परस्पर गच्चीच्या फरशीवर ठेवलं होतं. त्यावर नुसतं एच आलं. तो पळत खाली, "आजी, घराला खूप ताप आलाय!" तापाचं थर्मामीटर ह्या कामाचं नाही, हे त्यातून शिकलो. पारा असलेलं तर पोरांजवळ आणूच नका. लाल स्पिरिटचं साधं थर्मामीटर मिळतं, ११० अंशांपर्यंतचं. ते आणलं, विकत आणलं, कॉलेजातून नाही. दोन तासांनी बिनफडक्याच्या बाटलीतलं पाणी ३८, फडक्यातलं २७.

अकरा अंशांचा फरक. थोरलीला वाटलं फडकं थंड असतं. मग कोरडं फडकं गुंडाळून बघितलं, फरक नाही. "मग पाणी थंड असतं." पण तेच पाणी दोन्हीकडं. तिची ती कुठवर आली बघा, "फडकं वाळताना काहीतरी होतंय." तिथंच मी थांबलो. पाणी वाफ होऊन जाताना उष्णता सोबत घेऊन जातं, माठ, कूलर, वाळ्याचा पडदा सगळं त्याच्यावर, हे सांगायला जीभ वळवळत होती. नाही सांगितलं. शेवटी राखीला आले तेव्हा झालं ते. श्रावणातला दमट दिवस, तिनं स्वतः बाटल्या मांडल्या आणि फरक निघाला जेमतेम तीन अंशांचा. "फसला," म्हणाली. मी म्हटलं, आज धुणं वाळलंय का बघ. ती दोरीकडं बघत बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "आज काहीच वाळत नाहीये, म्हणून." मे महिन्यात सांगितलं असतं तर हे कधी ऐकायला मिळालं नसतं.

राखीच्या त्या दोन दिवसांतच खराट्याचा खेळ झाला. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, आले होते तेव्हा दोघांनी मिरवणुकीतल्या उंच काठ्या, नंदीध्वज, बघितलेले, ते धाकट्याच्या डोक्यातून गेलेच नव्हते. एवढी उंच काठी माणूस एकटा पेलून चालतो कसा? मी लांब दांड्याचा झाडू तळहातावर उभा धरायला दिला. दांडा वर, झाडू खाली, लगेच पडला. उलटा केला, झाडू वर, दांडा हातावर. थोरलीनं मोजून बारा आकडे पेलला. पेन्सिल तर कुणालाच जमली नाही. जड भाग वर आणि लांब असला की काठी सावकाश कलते, हाताला सावरायला वेळ मिळतो. हे मीसुद्धा त्या दिवसापर्यंत उलटंच समजत होतो. फुली. धाकटा "हर्र बोला हर्र" म्हणत झाडू घेऊन घरभर फिरला आणि ट्यूबलाईटचं फिटिंग हललं, तेव्हा आजीनं यात्रा संपवली.

आणि झोपाळा. आमच्या सोप्यात कड्यांचा झोपाळा आहे, कड्या दोन मीटरच्या. मी विचारलं, धाकटा बसला तर दहा झोक्यांना जास्त वेळ लागेल की मी बसलो तर? थोरली म्हणाली, तुम्ही जड, तुम्हाला जास्त. धाकटा म्हणाला, मी जोरात जाणार. मोबाईलचं स्टॉपवॉच थोरलीच्या हातात. आधी धाकटा बसला. अठ्ठावीस सेकंद. मग मी बसलो.

पंचवीस.

"आजोबा जिंकले!" पण असं व्हायला नको होतं. दोघांनाही सारखाच वेळ यायला हवा, कड्या त्याच आहेत, वजनाचा संबंध नाही. मी झोपाळ्यावर बसूनच डोकं खाजवत होतो. तीन सेकंद कुठं गेले? पुन्हा मोज म्हटलं. या वेळी मी कान देऊन ऐकलं. धाकट्याच्या वेळी आजी मोजत होती, तिनं झोका परत आल्यावर "एक" म्हटलेलं. माझ्या वेळी थोरली मोजत होती. मी पाय उचलले, झोपाळा सुटला आणि ती म्हणाली, "एक!"

मला क्षणभर काही सुचेना. तिला कळेना आजोबा हसतायत का. मी खाली उतरलो, तिला पायरीवर बसवलं आणि म्हटलं, तू बोटांवर मोज, मी पायऱ्या उतरतो, पहिल्या पायरीवर उभा आहे, अजून एकही उतरलेलो नाही, तर किती झाल्या? "एक," ती म्हणाली. मग थांबली. "नाही. शून्य."

तिसऱ्यांदा मोजलं. शून्य, एक, दोन. अठ्ठावीस. वहीत तिनं पंचवीस खोडलं नाही, शेजारी लिहिलं, "इथे मी एक म्हणाले." मला ती ओळ कुणाला तरी दाखवायची होती, पण ज्या मुलीला दाखवायची तिचा पत्ता मला माहीत नाही. असेल कुठंतरी, चाळिशीची.

वही आता माझ्याकडं आहे. थोरलीच्या एकोणीस फुल्या, माझ्या अकरा, धाकट्याच्या चित्रांना फुली कशी मारायची हे ठरलेलं नाही. जायच्या आदल्या दिवशी तिनं हळदीची एक कोरी पट्टी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटपट्टीनं लावली, मधोमध दोन रुपयांचं नाणं. वरणाचा डाग उन्हात फिका पडतो असं आजी म्हणते, ते खरं का बघायचंय. दिवाळीला येईपर्यंत काढायचं नाही अशी ताकीद आहे. तीन आठवडे झाले. कडेचा पिवळा रंग उडत चाललाय. नाण्याखाली काय आहे मला अंदाज आहे, रकान्यात लिहूनही ठेवलाय. ही रोज सकाळी खिडकी पुसताना फडकं नाण्याच्या भोवतीनं फिरवते आणि म्हणते, "बघा की जरा उचलून, कोण बघतंय."

नाही उचललेलं अजून.